हंडा आणि खापर

आमच्या चाकूरकडच्या जुन्या माणसांना जमिनीखाली काय दडलंय ते खोदल्याशिवायच ठाऊक असायचं. अमक्याच्या वाड्यातल्या बळदात मोहरांचा हंडा, तमक्याच्या बुजलेल्या पेवात सात रांजण, माळावरच्या म्हसोबाखाली सोन्याची घागर. एकाही हंड्याचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं, पण हंड्याचे कायदेकानू सगळ्यांना पाठ. धन एका जागी बसत नाही, सरकत राहतं. अमावस्येला साखळदंड वाजतो. ज्याच्या नशिबात असेल त्याला ते रात्री हाका घालून ‘येऊ का?’ म्हणून विचारतं. भलत्यानंच उकरलं तर हाती कोळसे येतात.

माझे एक चुलत आजोबा पायाळू होते. पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतलं धन दिसतं आणि पाणीही दिसतं, हा समज आमच्या भागात अजून पुरता गेलेला नाही. विहिरीची जागा दाखवायला त्यांना चार गावांहून बोलावणं यायचं. त्या समजाचा दुसरा अर्धा भागही लोकांना माहीत होता, तो म्हणजे पायाळूवर वीज पडते. वळवाचं आभाळ आलं की घरातल्या बायका त्यांना मधल्या खोलीत नेऊन बसवत आणि बाहेर पडू देत नसत. पाण्यावर त्यांचा अंदाज पुष्कळदा बरोबर यायचा. हंड्यावर कधीच आला नाही. विचारलं तर म्हणायचे, “दिसतंय रे, पण त्याची इच्छा नाही.”

या गोष्टींना अगदीच बूड नव्हतं असंही नाही. निजामी राज्याच्या शेवटच्या वर्षात रझाकारांच्या धास्तीनं कित्येक घरांनी भांडीकुंडी आणि दागिने पुरून ठेवले आणि लेकरंबाळं घेऊन सरहद्दीपलीकडं, बारशी-सोलापूरकडं, आसरा घेतला. १७ सप्टेंबर १९४८ नंतर माणसं परतली, तेव्हा कुणाचं पुरलेलं सापडलं, कुणाचं नाही. आमच्या आजीनं गोठ्यात पुरलेली पितळेची सगळी भांडी जशीच्या तशी निघाली, फक्त एक तांब्या कमी भरला. त्या तांब्याचा संशय तिनं आपल्या धाकट्या जावेवर मरेपर्यंत धरला. तेव्हा पुरणं आणि उकरणं ही आमच्याकडं नुसती दंतकथा नव्हती, घराघरातला व्यवहार होता.

पण खरं उत्खनन आमच्याकडं दरवर्षी उन्हाळ्यात होत असे आणि त्याला कुणी उत्खनन म्हणत नसे. माळवदाची घरं. लाकडी सऱ्यांवर किलच्या, त्यावर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पाऊस यायच्या आधी त्या थरावर नवी माती टाकायची, दाबायची. ही माती शेतातली चालत नाही. काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. लागते ती पांढरी आणि पांढरी मिळते जुन्या, उठून गेलेल्या गावाच्या जागी. शेकडो वर्षं माणसं राहिली, चुली पेटल्या, राख पडली, भिंती विरघळल्या की अशी माती तयार होते. बैलगाड्या जुन्या गावठाणाच्या टेकाडाशी लागायच्या. कुदळीनं माती पाडायची, पाटीनं भरायची. टेकाडाला पडलेल्या उभ्या कापात मला लहानपणी थर दिसायचे. राखेचा एक करडा पट्टा, त्याखाली तांबूस भाजक्या मातीचा, त्याखाली पुन्हा पांढरा. तो कधीचा, असं विचारलं की आजी सांगे, “पटकी आली अन् गाव उठलं.” प्रत्येक ओसाड गावाला आमच्याकडं पटकीच लागलेली असते.

घरी मातीचा ढीग पडला की बायका ती निवडत. माळवदात खापर राहिलं की तिथून गळतं, असं आजीचं म्हणणं. म्हणून खापरं वेचून बाजूला काढायची आणि गल्लीत भिरकावायची. त्यात काळी, तकाकी असलेली खापरं असत, काठाला बोट फिरवल्याच्या रेघा असलेली असत, शंखाच्या बांगडीचे तुकडे असत, क्वचित एखादा लाल मणी. मणी मुली दोऱ्यात ओवत. खापरांनी आम्ही लगोरी मांडत असू. सातवाहनांच्या काळातलं होतं की यादवांच्या, आता सांगायची सोय नाही, कारण ते सगळं चाकूरच्या गटारांतून कधीच वाहून गेलं.

टीव्हीवर मी पहिल्यांदा इतिहास पाहिला तो १९८८ सालच्या ‘भारत एक खोज’मध्ये. श्याम बेनेगलांची मालिका, त्रेपन्न भागांची. त्यात मोहेंजोदडो आलं, अशोक आला. आमच्या आळीतल्या एकुलत्या टीव्हीसमोर बसलेले म्हातारे मान डोलावत बघत. पुढं केबल आली, डिस्कव्हरी आला, इजिप्तच्या थडग्यांत बॅटऱ्या घेऊन शिरणारी गोरी माणसं आली. आणि मोबाईलवर यूट्यूब आल्यावर पुतण्यानं मला ‘टाइम टीम’ दाखवली.

ही इंग्लंडच्या चॅनल फोरची मालिका. १९९४ ला सुरू झाली आणि वीस वर्षं चालली. आता तिची मंडळी प्रेक्षकांच्या वर्गणीवर यूट्यूबसाठी पुन्हा खोदायला लागली आहेत. टोनी रॉबिन्सन नावाचा विनोदी नट सूत्रधार. मिक अ‍ॅस्टन हे विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचे, रंगीबेरंगी पट्ट्यांचा स्वेटर घातलेले प्राध्यापक. फिल हार्डिंग हा टोपीवाला गडी, चर खणण्यात वाकबगार. एका शेतात तीन दिवस खोदायचं आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निकाल सांगायचा, एवढाच नियम. पहिल्या दिवशी जमिनीवरून यंत्रं फिरवून खालच्या भिंतींचा नकाशा काढतात, मग चर, मग वादावादी, मग पाऊस. आणि पुष्कळदा खाली निघतं ते रोमनच. व्हिला, स्नानगृह, रंगीत दगडांच्या तुकड्यांची फरशी. इंग्लंडवर रोमनांनी जवळजवळ चारशे वर्षं राज्य केलं, त्यामुळं तिथं कुणाच्याही बटाट्याच्या शेतात रोम निघू शकतं.

मला या कार्यक्रमात एक गोष्ट फार आवडली. तिथं खापर सापडल्यावर माणसं हरखून जातात. बोटाच्या पेराएवढा तुकडा ब्रशनं साफ करून, वर धरून, हा कुठल्या भट्टीतला आणि कुठल्या पिढीतला यावर भर पावसात भांडतात. सोनं निघालं तर कॅमेरा जवळ जातो हे खरं, पण निकाल लागतो तो खापरावर. आमच्या आजीनं गल्लीत भिरकावलेल्या मालावर.

टीव्हीवरच्या पुरातत्त्वाचा मूळ पुरुष मात्र टोनी रॉबिन्सन नव्हे. तो मान मॉर्टिमर व्हीलर यांचा, आणि त्यांची वाट आपल्या देशातून जाते. १९४४ मध्ये ते भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होऊन आले. त्याच वर्षी मद्रासच्या संग्रहालयातल्या एका कपाटात त्यांना दोन कानांच्या रोमन मद्यकुंभाचा तुकडा दिसला. तो पाँडिचेरीजवळून आला होता. माग काढत ते अरिकमेडूला पोचले आणि १९४५ मध्ये तिथं खोदकाम केलं. इटलीतल्या अरेझो इथं बनणारी लाल, झिलईची, ठसा उमटवलेली भांडी तिथं निघाली. त्या भांड्यांची साल-तारीख युरोपात आधीच पक्की झालेली होती, त्यामुळं दक्षिण भारतातल्या त्या थरांनाही तारीख मिळाली. एका परदेशी खापरानं शेजारच्या दहा देशी खापरांचं वय सांगितलं. भारतात रोमन अवशेष शोधण्याचं खरं मोल यात आहे; सीझर इथं आला होता का, यात नाही.

हेच व्हीलर मायदेशी परतल्यावर बीबीसीच्या ‘अ‍ॅनिमल, व्हेजिटेबल, मिनरल?’ या कार्यक्रमात झळकले. संग्रहालयातली एखादी अनोळखी वस्तू पुढं ठेवायची आणि तज्ज्ञांनी ती काय आहे ते ओळखायचं. मिशांना पीळ देत, वस्तू बोटांत फिरवत ते असा काही अभिनय करीत की १९५४ साली तिकडं त्यांची वर्षातला सर्वोत्तम टीव्ही-व्यक्ती म्हणून निवड झाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया विद्यार्थिदशेत लंडनला असताना याच व्हीलरच्या हाताखाली मेडन कॅसलच्या उत्खननात राबले होते. सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीवर खोदलं. तिथं मिळालेल्या कांस्य वस्तूंत समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात ती पाहता येते. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या अलीकडं, हा दर्याचा देव कुणाच्या घरात बसला होता, कोण जाणे.

आमच्यासाठी मात्र रोम जवळ आहे ते तेरला. लातूरहून मुरूड, ढोकी आणि मग तेर. आमच्या घरची माणसं तिथं पिढ्यान्‌पिढ्या जात आली, ती गोरोबाकाकांच्या दर्शनाला. संतांच्या मेळ्यात गोरोबांनी थापटण्यानं एकेकाचं डोकं ठोकून कोण कच्चं, कोण पक्कं हे पाहिलं आणि नामदेव कच्चा निघाला, ही गोष्ट मी तिथंच तेरणेच्या काठावर ऐकली. सांगणारे पायाळू आजोबाच. बारशी लाइटनं तेरला उतरायचं आणि चालत गावात यायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. अरुंद मापाची ती छोटी गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत आली होती. तेरला टेकाडं आहेत हे त्यांना ठाऊक होतं. त्यांत हंडे आहेत हेही अर्थातच ठाऊक होतं.

हे तेर म्हणजेच तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तमधल्या कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं लाल समुद्र ते हिंदुस्थान या सागरी वाटेची टिपणवही लिहिली. तिला पेरिप्लस म्हणतात. तीत बारीगाझा, म्हणजे भडोच बंदर, येतं. तिथून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठं नगर, असं तो लिहितो. पैठणहून अकीक येतात आणि तगरहून पुष्कळ जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल. आणि हा सगळा माल गाड्यांवरून, मोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून येतो. पुढं टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे. पण हे तगर कोणतं, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांची चांगलीच जुंपली. कुणी दौलताबाद म्हणालं, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर म्हटलं, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी बीडकडचं धारूर सुचवलं. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेरवर बोट ठेवलं आणि लगोलग हेन्‍री कझिन्स यांनी प्रत्यक्ष गाव पाहून तिथल्या त्रिविक्रम मंदिराची ओळख पटवली. पाठीमागं अर्धगोल असलेली ती विटांची वास्तू मुळातली बौद्ध चैत्यगृहाची. शिलाहार राजे स्वतःला तगरपुरवराधीश्वर म्हणवत आणि राष्ट्रकूट लत्तलूरपुरवराधीश्वर. म्हणजे तेर आणि लातूर ही आमच्या एसटीच्या पाट्यांवरची दोन नावं एके काळी राजे बिरुदं म्हणून मिरवत होते.

तेरला पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी १९५८ मध्ये खोदलं, साठच्या दशकात पुन्हा खोदकाम झालं, विटांचा मोठा स्तूप निघाला. पण तेरचं बरंचसं वैभव कुदळीच्या शास्त्रशुद्ध घावानं वर आलेलंच नाही. पांढऱ्या मातीसाठी टेकाडं तिथंही कोरली जात होती आणि पावसानं धुऊन निघालेल्या वस्तू लेकरांच्या हाती लागत होत्या. त्या जमवल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी. हे गावातले व्यापारी, पुरातत्त्वाची पदवी वगैरे काही नाही. खापर, मणी, बाहुली, शंख, जे मिळेल ते त्यांनी राखलं आणि त्या संग्रहातूनच आजचं तेरचं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. मराठवाड्यात लोकांचं पुरातत्त्व म्हणून कुणाकडं बोट दाखवायचं झालं, तर मी टीव्हीकडं दाखवणार नाही, या माणसाच्या दुकानाकडं दाखवीन.

त्या संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्री आहे. अंगावर दागिन्यांची दाटी. तिची बहीण शोभावी अशी एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पोम्पेईला निघाली. वीतभर उंची, कोपरापर्यंत बांगड्या, पायांत वाळ्यांची चळत, दोन्ही बाजूंना चिमुकल्या दासी. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत पोम्पेई गाडलं गेलं, म्हणजे ही बाई त्याआधीच तिथं पोचली होती. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७३ च्या उत्खननात याच घडणीचा हस्तिदंती तुकडा मिळाला. पोम्पेईची मूर्ती भोकरदनच्या किंवा तेरच्या कारागिरांकडून गेली असावी, असं मत काही अभ्यासकांनी मांडलं आहे. आपण इथं रोमन शोधत बसतो आणि रोमनांच्या घरात आपली माणसं निघतात.

दुसरी एक वस्तू आहे, तिच्यापाशी मी जास्त रेंगाळलो. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडी मोठी, भाजल्या मातीची चकती. वर दोरा ओवायला भोक. मध्ये एका बाजूनं दिसणारा माणसाचा चेहरा, सरळ नाक, आखूड केस आणि कडेनं अक्षरांसारख्या खुणा. या रोमन नाण्यांच्या नकला. अशा चकत्यांवर बहुधा सम्राट टायबेरियसचा चेहरा असतो. करणाऱ्याला अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून त्यानं नुसत्या रेघा ओढल्या. ज्याला सोन्याचं नाणं परवडलं तो ते गळ्यात घाली. ज्याला परवडत नव्हतं तो मातीचं. सम्राट कोण, कुठला, याच्याशी गळ्याला काही देणंघेणं नाही.

हसू आलं, कारण आमच्या आजीच्या गळ्यात हेच होतं. पुतळ्यांची माळ. मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं नाणं. त्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढं गुडघे टेकलेला तिथला सत्ताधीश, डोज. व्यापारातून ते हिंदुस्थानात आलं, आपल्या बायकांनी त्या दोन आकृतींत राम-सीता पाहिली आणि सोनारांनी नकला पाडल्या. आजीच्या माळेतल्या पुतळ्या लातूरच्या सोनारानं केलेल्या होत्या आणि त्यांवरचा डोज इतका झिजला होता की त्याला सीता म्हणायला काहीच हरकत नव्हती. दर दसऱ्याला ती त्यांना हळदकुंकू लावायची. टायबेरियसलाही तेरात कुणी लावलं असेल.

हे सगळं पाहून आल्यावर टीव्हीचा उत्साह आपल्या गावात कसा उतरतो तेही दिसायला लागलं. यूट्यूबवर ‘खजाना’ शोधणाऱ्यांचे व्हिडिओ आहेत, किरकिर करणारी धातुशोधक यंत्रं मिळायला लागली आहेत. पूर्वी पायाळू माणूस न्यायचे, आता यंत्र नेतात. गुप्तधनापायी मांत्रिक आणून रात्रीबेरात्री घरात खड्डे खणल्याच्या बातम्या तर वर्षाकाठी वाचायला मिळतातच. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला तरी.

इंग्लंडात शेतकरी सापडलेली वस्तू घेऊन अधिकाऱ्याकडं जातो, कारण तशी व्यवस्था आहे. १९९६ चा कायदा आणि त्यापाठोपाठची नोंदणी योजना. त्या योजनेत लोकांनी आणून दाखवलेल्या दहा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे. आपल्याकडंही कायदा आहे आणि तो १८७८ चा आहे. जमिनीत लपवलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! आज त्यात चहासुद्धा जेमतेम येतो. आमच्या ओळखीच्या एकाच्या विहिरीच्या कामात कोरीव दगड आणि काही भांडी लागली. त्यानं प्रथम मेव्हण्याला फोन केला. मेव्हणा म्हणाला, पंचनामा होईल, काम थांबेल, उन्हाळा जाईल. झालं, दगड कठड्यात बसवला आणि भांडी मोडीत गेली. त्याला मी दोष द्यायला जात नाही. विहिरीला पाणी लागायचं होतं आणि कर्जाचा हप्ता थांबत नव्हता.

टेकाडांना मधल्या काळात थोडा विसावा मिळाला, तो ज्या कारणानं मिळाला ते आठवायलाही नको वाटतं. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती, गणपती बोळवून माणसं नुकती निजली होती. किल्लारीचा भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली आणि त्यांतली बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली गेली. चाकूरला आम्ही त्यानंतर कित्येक रात्री अंगणात काढल्या. माळवदावर वर्षानुवर्षं चढवलेली ती पांढरी माती, गळू नये म्हणून घातलेला एकेक थर, किती जड झाला होता हे तेव्हा कळलं. मग लोकांनी पत्रे घातले, ज्यांना जमलं त्यांनी स्लॅब टाकला. पांढरीकडं जाणाऱ्या बैलगाड्या थांबल्या. जुन्या गावठाणावर बाभळी वाढल्या. पुढं जेसीबी आला, वीटभट्ट्या वाढल्या, शेततळी आली आणि बैलगाडीला जे शंभर वर्षांत जमलं नाही ते एका आठवड्यात व्हायला लागलं.

तगरच्या कापडाचं एक सूतही उरलेलं नाही. कापूस मातीत टिकत नाही. ज्या मालासाठी तेर जगाला ठाऊक होतं तो मालच पुराव्यातून गायब आहे. त्याच्या बदल्यात जे आलं त्याचे तुकडे तेवढे हाती लागतात. त्यातही रोमनाचा शिक्का घाईनं मारायचा नाही. भारतात रोमन मद्यकुंभाची म्हणून ठेवलेली बरीच खापरं अलीकडं रोबर्टा टॉम्बर यांनी पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतली पुष्कळशी इराकच्या आणि आखाताच्या बाजूच्या निमुळत्या रांजणांची निघाली.

तीन दिवसांत तेरला टीव्हीवाल्यांनी काय दाखवलं असतं, याचा विचार करताना मी पेरिप्लसातला तो मजकूर आमच्या गल्लीतल्या एका आबांना सांगितला. वय ऐंशीच्या पुढं. उभी हयात गाडी हाकण्यात गेली. सरकी, भुईमूग, तूर भरून लातूरच्या गंजात न्यायचे. रोम कुठं आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांनी आधी अंतर विचारलं.

“तेर ते पैठण वाटेनं पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर धरा.”

बोटांवर कोस मोजले. “भरली गाडी दिवसाला सहा कोस जाती. धा दिवस बरोबर सांगितलंय त्यानं. पर पूर्वेला कसं म्हणालाय? पैठणहून तेर दक्षिणंला उतरतंय की. त्यो गाडीत बसलेला न्हाई, कुणाकडून तरी ऐकून लिवलंय.”

नेमकं हेच अभ्यासकही म्हणतात. दिशा जरा चुकली आहे आणि लेखक आतल्या मुलखात गेलेला दिसत नाही. आबांनी ते गाडीच्या हिशेबानं काढलं. मग म्हणाले, वाटेत बालाघाटाचा उतार लागतो, तिथं चाकाला लाकूड बांधावं लागतं. गोदावरी ओलांडायची म्हणजे पावसाळ्यात नाही जमायचं. काळ्या रानात पावसाळ्यात गाडी रुततेच. तेव्हा गाड्या दिवाळीनंतर निघाल्या असणार.

दिवाळीनंतर निघालेली गाडी पैठणचे दहा आणि पुढचे वीस असे तीस दिवस धरले तर डिसेंबरच्या सुरुवातीला भडोचला लागते. परतीच्या वाऱ्यावर बसून जहाजं भारताचा किनारा सोडायची ती डिसेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत. प्लिनी या रोमन ग्रंथकारानं तसं लिहून ठेवलंय. मी हे आबांना सांगितलं, तर त्यांना त्याचं काहीच नवल वाटलं नाही. त्यांची अडचण वेगळी होती.

“जाताना कापड. येताना काय भरलं? रिकामी गाडी कुणी आणत नसतंय.”

भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी पेरिप्लसात आहे. तांबं, कथील, शिसं, पोवळी, काच, सोन्याचांदीची नाणी, राजासाठी चांदीची भांडी आणि गाणारी पोरं. यादीत सगळ्यात आधी दारू, त्यातही इटलीची सरस. ती उंच मातीच्या रांजणांत भरून यायची आणि किनाऱ्यापासून इतक्या आत आलं की त्या रांजणांची खापरं मोजकीच मिळतात.

“किती दिवसांची वाट म्हणलास?”

“तीस.”

“अन् गाडीवान किती?”

तेवढं काही पेरिप्लसात नाही, असं मी म्हणालो.

“मग तेरला कशी पोचंल?” आबा म्हणाले. “पैठणच्या अलीकडंच संपली आसंल.”